शेक सुरू होण्याआधीच तोंड सांभाळा

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन ठरलं की घरचे धास्तावतात. बोलीत याला ‘शेक’ म्हणतात, पण घेताना चटका बसत नाही, दुखतही नाही. पहिला आठवडा सुखरूप जातो आणि इथेच गाफील राहायला होतं.

तोंडाच्या आतलं अस्तर एरवी सतत झिजतं आणि नव्यानं तयार होतं. शेकामुळे नवं तयार होणं मागे पडतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं. डॉक्टर त्याला म्युकोसायटिस म्हणतात. ते पूर्ण टळेलच असं नाही, पण त्याचा जोर कमी करता येतो.

सुरुवात दातांच्या डॉक्टरांपासून करा. किडलेला दात काढायचा असेल तर शेकाच्या दोन-तीन आठवडे आधी काढावा, म्हणजे जखम भरते. नंतर काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही, असा धोका असतो.

तंबाखू, गुटखा, दारू बंद. मिश्रीसुद्धा. ‘मी फक्त दात घासते’ असं म्हणणाऱ्या मावशींना हे प्रेमानं, पण स्पष्ट सांगा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

आता चूळ. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खाण्याचा सोडा घाला. घोट अर्धा मिनिट तोंडात हळूहळू खळखळवा, थुंका, गिळू नका. जेवणानंतर, झोपताना आणि मधे दर दोन-तीन तासांनी. पाणी रोज ताजं करा. डब्यावरचं नाव नीट वाचा: धुण्याचा सोडा, पापडखार किंवा बेकिंग पावडर चालत नाही. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे तोंड आल्यावर चूळ सुरू करणं. पहिल्या दिवसापासूनच करा.

ब्रश अगदी मऊ घ्या. गरम पाण्यात धरला की आणखी मऊ होतो. कवळी रात्री काढून ठेवा. अल्कोहोल असलेलं दुकानातलं माउथवॉश झोंबतं, ते नको. डॉक्टर बेंझिडामिनचं माउथवॉश देतात, तेही झोंबलं तर पाणी घालून चालेल का, हे त्यांनाच विचारा.

जेवणात मऊ भात-वरण, नाचणीची पेज, दह्यात कालवलेली पोळी, सारं कोमट. तिखट, लिंबू, लोणचं, भाकरीचा कडक पापुद्रा बाजूला ठेवा. वजन उतरलं तर शेक घेताना चेहऱ्यावर बसवतात तो मास्क सैल होतो, म्हणून खाणं कमी झालं की लगेच कळवा.

रोज टॉर्चनं तोंडात पाहा. पांढरा थर दिसला तर बुरशी असू शकते, औषध मिळतं. दुखतंय म्हणून मात्र शेकाचा दिवस चुकवू नका, उपचाराचा परिणाम घटतो. वेदना सांगा, त्यावर गोळ्या आहेत.

शेवटचा शेक झाला की लगेच आराम पडेल, असं वाटतं. पण पुढचे एक-दोन आठवडे त्रास वाढलेलाच असतो, मग हळूहळू तोंड भरतं. तोवर चूळ चालूच ठेवा.