देवळालीचा ताप

समुद्रापलीकडची लष्करी छावणी म्हटली की आपली नजर परदेशाकडे जाते. पण इंग्लंडातल्या सोल्जराला अशी छावणी म्हणजे आपल्या नाशिकजवळची देवळाली! १८६१ च्या सुमारास इंग्रजांनी ती वसवली. मुंबईस बोटीतून उतरलेले गोरे शिपाई आगगाडीने इथे येत आणि मग निरनिराळ्या पलटणींत जात. नोकरीची मुदत भरलेलेही परतीच्या बोटीसाठी इथेच थांबत.

खरी अडचण इथेच होती. या बोटी सुटत साधारणपणे हिवाळ्यात. ती संधी हुकली, की उन्हाळा-पावसाळा छावणीतच काढायचा. बार्शीच्या स्टँडवर एसटीला तासभर उशीर झाला तर आपला जीव कासावीस होतो. इथे तर महिनेच्या महिने! काम फारसे नाही, डोक्यावर ऊन, रात्री डास, अंगात हिवताप. कुणी दारूकडे वळे, कुणी भांडणे उकरी, कुणाचे डोकेच फिरे. यालाच सोल्जर ‘देवळाली टॅप’ म्हणू लागले. हा ‘टॅप’ म्हणजे आपल्याकडचा तापच! इंग्रजीत डोके फिरलेल्याला अजूनही ‘डूलॅली’ म्हणतात.

स्वातंत्र्यानंतर छावणी आपल्या सैन्याची झाली. आज तिथे तोफखान्याचे विद्यालय आहे. गुरुजींनी नकाशात देवळाली दाखवताना मुलांना हा शब्दही सांगावा. राज्यकर्त्यांचा साधा शिपाईदेखील घराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला माणूसच होता, हे त्यांना कळेल.