वालधुनीच्या गाळात कोण राहतं? कीटकांचे गण आणि त्यांचं बालपण

कीटकाचं शरीर आपण मागच्या व्याख्यानात पाहिलं, सहा पाय, तीन भाग वगैरे. आज गण पाहू. नावं अवघड वाटतात, पण युक्ती सोपी आहे. 'टेरा' म्हणजे पंख. डिप्टेरा म्हणजे दोन पंखांचे, माश्या नि डास. कोलिऑप्टेरा म्हणजे पंखांवर कठीण म्यान असलेले भुंगेरे नि काजवे. लेपिडोप्टेरा म्हणजे खवल्यांच्या पंखांची फुलपाखरं. लिनियसने ही वाटणी मुख्यतः पंख पाहून केली. आपण नदीकाठची माणसं. आपण पंखांपेक्षा कीटकाचं बालपण पाहिलं तर जास्त कळतं.

आपली वालधुनी घ्या. अंबरनाथजवळच्या डोंगरातून निघते, १०६० सालच्या शिवमंदिराला लागून वाहते आणि उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. वाटेत सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी तिच्यात येतं. अशा पाण्यात प्राणवायू अगदी कमी. तरी सांडपाण्याच्या गाळात लालभडक, दोऱ्यासारख्या अळ्या वळवळताना सापडतात. त्या कायरोनोमस नावाच्या माशीच्या. गण डिप्टेराच. लाल रंग हिमोग्लोबिनचा, तुमच्या-आमच्या रक्तात असतं तेच जातभाई. कीटकांत हे फार क्वचित आढळतं. थोडासा प्राणवायूही ते धरून ठेवतं, म्हणून ही अळी तिथे तगते. संध्याकाळी नाल्याकाठच्या ट्यूबलाइटभोवती डासांसारखे थवे दिसतात ना, त्यांत पुष्कळदा हीच मंडळी असतात. ती चावत नाहीत, उगाच शिव्या खातात!

आता उलट टोक. डोंगरातून येणाऱ्या स्वच्छ, वाहत्या ओढ्यातला दगड उलटा करून पाहा. खाली चपटं, पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले आणि मागे बहुधा तीन शेपट्या असलेलं पिल्लू दिसेल. हा एफेमेरोप्टेरा गण, म्हणजे मेफ्लाय. पाण्यात महिनोन्‌महिने, पंख फुटल्यावर काही तास किंवा एखाद-दोन दिवस. प्रौढाला खाता येईल असं तोंडच नसतं. पाणी घाण झालं की सगळ्यात आधी जाणाऱ्यांत हे असतात. नमुना प्रयोगशाळेत जातो तेव्हा त्या क्षणाचं पाणी कळतं. हे पिल्लू मात्र गेल्या कित्येक आठवड्यांची साक्ष देतं.

मेफ्लायला कोष नसतो. अंडं, पिल्लू, प्रौढ, याला अपूर्ण रूपांतरण म्हणतात. चतुर आणि टाचण्यांचंही तेच, गण ओडोनाटा. चतुराचं पिल्लू पक्कं शिकारी. खालचा ओठ घडी करून ठेवतं, झटक्यात पुढे फेकतं आणि डासाची अळी पकडतं. श्वास गुदद्वारातल्या कल्ल्यांनी घेतं, आणि घाई असली की तिथूनच पाणी जोरात सोडून पुढे सटकतं. (हसू नका, पाणबुड्यांनाही ही युक्ती इतकी स्वस्तात जमलेली नाही.) पावसाळ्यात मैदानांवर घिरट्या घालणारा पिवळसर चतुर, पँटाला, साचलेल्या पावसाच्या पाण्यात दीड-दोन महिन्यांत मोठा होतो. हे चतुर मालदीवमार्गे थेट आफ्रिकेपर्यंत जातात, असं चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं.

डासाचं मात्र पूर्ण रूपांतरण: अंडं, अळी, कोष, प्रौढ. उबेत आठ-दहा दिवसांत सगळं उरकतं. गल्लीत धूर मारतात, त्याने उडणारे डास मरतात. पिंपातल्या अळ्या नि कोष जिवंत राहतात. डेंग्यूचा एडिस तर पाण्याच्या पातळीच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या भिंतीवर अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. त्यामुळे कोरडा दिवस पाळताना पिंप नुसतं उपडं करून भागत नाही. काथ्या घेऊन आतून घासावं लागतं, काठाखालचा भाग तर नक्कीच.

पुढच्या वेळी हायमेनोप्टेरा, म्हणजे मुंग्या आणि मधमाश्या.