कोब्रा वादळातल्या तीन विनाशिका

18 डिसेंबर 1944 रोजी फिलिपाइन्सच्या पूर्वेला अमेरिकी नौदलाचा तिसरा ताफा एका टायफूनच्या तावडीत सापडला. या वादळाला पुढे 'कोब्रा' हे नाव पडलं. स्पेन्स, हल आणि मोनाघन या तीन विनाशिका त्या एका दिवसात बुडाल्या. ताफ्यातली सुमारे 790 माणसं गेली.

अ‍ॅडमिरल विल्यम हॅल्सी यांच्या या ताफ्यात अवाढव्य विमानवाहू जहाजंही होती. त्यांच्यावरची शंभराहून अधिक विमानं नष्ट झाली, पण जहाजं तगली. मग विनाशिकाच का गेल्या?

विनाशिका वेगासाठी बांधलेली, अंगाने चिंचोळी. तिला सरळ ठेवणाऱ्या तळाच्या वजनात इंधनतेलाचा मोठा वाटा असतो. तेल जळत गेलं की तळ हलका होतो आणि डोकं जड. अशा वेळी रिकाम्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात. अडचण अशी, की पुन्हा तेल घ्यायचं तर ते पाणी आधी उपसावं लागतं, आणि त्यात तासन्‌तास जातात. स्पेन्सने 17 तारखेला न्यू जर्सी या युद्धनौकेकडून तेल घ्यायचा प्रयत्न केला. खवळलेल्या समुद्रात नळ्या तुटल्या. टाक्यांत जेमतेम 15 टक्के तेल उरलेलं. तेल मिळेल या आशेवर पाणी भरणं लांबत गेलं. दुसऱ्या दिवशी आत घुसलेल्या पाण्याने वीज गेली, सुकाणू अडकलं आणि स्पेन्स उलटली. तिच्यावरचे 24 जण वाचले.

हल आणि मोनाघनवर तेल बऱ्यापैकी होतं. त्यांचं दुखणं वरच्या अंगाला होतं. 1930च्या दशकातल्या या जहाजांवर युद्धाच्या धामधुमीत नवी रडारं, नव्या तोफा चढत गेल्या होत्या. वाऱ्याने हलला आडवं दाबून धरलं, धुरांड्यांतून पाणी आत कोसळलं. मोनाघनचे फक्त सहा जण हाती लागले. त्याच बांधणीची ड्यूई मात्र 75 अंश कलंडूनही सावरली. तिचं एक धुरांडं वाऱ्याने मोडून पडलं, आणि वरचं ते धूड गेल्याचाच तिला आधार झाला.

जहाजं बुडाल्याचं ताफ्याला कळलंही नव्हतं. कळलं ते टॅबररमुळे. या छोट्या जहाजाची डोलकाठी तुटली होती, रेडिओ मुका झाला होता. रात्री रेडिओची नवी तार बांधताना अंधारातून, पाण्यात तरंगणाऱ्या बुडालेल्या जहाजावरच्या माणसाची हाक ऐकू आली. कप्तान हेन्री प्लेज पोहणाऱ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला जहाज नेत आणि आडवं वाहू देत. मग दोर बांधलेले खलाशी उडी टाकून त्याला जाळ्यापर्यंत आणत. असे 55 जीव टॅबररने वाचवले. स्वतःचंच जहाज धड नसताना केलेली ही कामगिरी हॅल्सींच्या नावापेक्षा अधिक लक्षात राहायला हवी.

चौकशीत हॅल्सींवर अंदाज चुकल्याचा ठपका आला, पण पद गेलं नाही. पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल निमिट्झ यांनी फेब्रुवारी 1945मध्ये ताफ्याला पत्र लिहून कप्तानांना बजावलं, की हातात वेळ आहे तोवरच जहाजाची काळजी घ्या. तरीही त्याच वर्षी जूनमध्ये हॅल्सींचा ताफा दुसऱ्या टायफूनमध्ये शिरला. या वेळी पिट्सबर्ग या क्रूझरचा नाळेकडचा सुमारे शंभर फुटांचा भाग तुटून गेला. जहाज मात्र बुडालं नाही.