निश्चेष्ट देह आणि जागें मन

मनांत चाललेला व्यापार दुसऱ्यास दिसत नाहीं. माणूस बोलला, हंसला, निदान त्यानें मान हालविली, म्हणजे त्याच्या अंतरांत कांहीं चाललें आहे असें पाहणारा अनुमानानें ठरवितो. पण ज्या देहाकडून कोणतेंच उत्तर येत नाहीं, त्यांतील मनाविषयीं काय म्हणावें? हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाहीं. रुग्णाच्या उशाशीं बसलेल्या आप्तेष्टांचाही आहे.

इ. स. १९१३ मध्यें अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनीं असें प्रतिपादिलें कीं, बाहेरून जें पाहतां येतें तेंच शास्त्राचा विषय होऊं शकतें. मग विचाराचें काय? विचार म्हणजे स्वरयंत्र व जीभ यांच्या सूक्ष्म हालचालींनीं चाललेलें मूक भाषण होय, असें त्यांचें मत होतें. तें खरें असतें, तर स्नायु लुळे पडतांच विचारही थांबावयास हवा होता.

हें मत १९४७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कसोटीस लागलें. स्कॉट स्मिथ या अमेरिकन डॉक्टरांनीं स्वतःच्या शिरेंत कुरारेचें सत्त्व टोंचून घेतलें. दक्षिण अमेरिकेंतील आदिवासी बाणाच्या टोंकास लावीत, तेंच हें स्नायु लुळे पाडणारें विष. सहकाऱ्यांना त्यांचा श्वासोच्छ्वासही कृत्रिम रीतीनें चालवावा लागला. पण अंमल ओसरल्यावर, मधल्या वेळांत काय घडलें तें त्यांनीं बरोबर सांगितलें. देह निश्चेष्ट होता. मन जागें होतें.

स्मिथ यांची वाचा परत आली. ज्याची येतच नाहीं, त्याची साक्ष कशी घ्यावी? २००६ सालीं केंब्रिज येथील एड्रियन ओवेन व त्यांचे सहकारी यांनीं यावर युक्ति काढली. अपघातांत मेंदूस इजा झालेली २३ वर्षांची एक तरुणी पांच महिन्यांनंतरही कोणत्याच आज्ञेस प्रतिसाद देत नव्हती. एम्. आर्. आय्. यंत्रांत तिला प्रथम टेनिस खेळण्याची व मग घरांतील खोल्यांतून फिरण्याची कल्पना करावयास सांगितलें. हें यंत्र विचाराचें चित्र काढीत नाहीं. मेंदूचा जो भाग कामास लागतो तिकडे प्राणवायुयुक्त रक्त अधिक धांवतें, तेवढेंच तें टिपतें. दोन आज्ञांना दोन निरनिराळे भाग जागृत झाले, आणि तेही निरोगी माणसांत होतात तेच! २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एका रुग्णानें टेनिस म्हणजे "होय" व घर म्हणजे "नाहीं" या खुणेनें सहापैकीं पांच प्रश्नांचीं बरोबर उत्तरें दिलीं.

असे रुग्ण किती असावेत? २०२४ सालच्या एका संशोधनांत, बाहेरून प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकीं ६० जणांच्या मेंदूनें आज्ञा पाळल्याचें आढळलें. त्यावरून ते बरे होतीलच असें नव्हे. उलट, ज्या ११२ रुग्णांना उघडपणें आज्ञा पाळतां येत होत्या, त्यांच्यापैकींही केवळ ३८ टक्के या परीक्षेंत उतरले. म्हणजे यंत्रावर उत्तर उमटलें तर जाणीव आहे असें म्हणतां येतें. न उमटलें तर ती नाहीं असें म्हणतां येत नाहीं.

बाह्य पुराव्याविना शास्त्र चालत नाहीं, हा वॉटसन यांचा आग्रह योग्यच होता. पण पुरावा न मिळणें हा अभावाचा पुरावा नव्हे. म्हणून निश्चेष्ट रुग्णाच्या खाटेपाशीं "याला काय कळतें!" असे उद्गार काढूं नयेत. त्याचें नांव घेऊन, तो ऐकत आहे असें धरूनच बोलावें.