महाराज मोठे, मावळे लहान. मग किल्ला ठेंगणा का दिसतो?

विटा रचल्या, गोणपाट अंथरलं, चिखल थापला, हळीव पेरले. अंगणातला दिवाळीचा किल्ला समोरून झकास दिसतो, पण स्टेटससाठी फोटो काढला की मातीचा ढीग वाटतो. बहुतेक वेळा चूक मातीची नसते, चित्रांच्या मापाची असते. पायथ्यापासून बुरुजापर्यंत सगळे मावळे एकाच उंचीचे असले, की किल्ला किती लहान आहे हे डोळा लगेच ओळखतो.

लढाईचे देखावे बनवणारे हौशी मॉडेलकार इथे एक युक्ती वापरतात. पुढे 1:35 मापाचे सैनिक, मधे 1:48, अगदी मागे 1:72. याला ‘फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह’ म्हणतात. 1942 च्या ‘कॅसाब्लांका’ चित्रपटात विमानतळावरचं विमान असंच छोटं होतं. ते मोठं वाटावं म्हणून त्याच्याभोवती बुटकी माणसं उभी केली होती.

गणित काय सांगतं?

समजा, 6 सेंटीमीटरचा मावळा मोबाइलपासून 50 सेंटीमीटरवर आहे. खरा माणूस 168 सेंटीमीटरचा धरला तर हे माप 1:28, म्हणजे तो 14 मीटरवर उभा असल्यासारखा दिसतो. आता 1 मीटरवर तेवढाच दुसरा मावळा ठेवला, तर तो 28 मीटरवर वाटेल. त्याच जागी 2.4 सेंटीमीटरचा ठेवला, तर थेट 70 मीटरवर! मधली माती तेवढीच, पण 14 मीटरचं अंतर 56 मीटर झालं.

खरी अडचण महाराजांची

आपल्याकडे महाराजांची सिंहासनारूढ मूर्ती सगळ्यात मोठी आणि जागा सगळ्यात वर, म्हणजे मागे. वर सांगितलेल्या गणितात मात्र मागचं ते लहान. मोठी मूर्ती मागे गेली की सगळा भास एका क्षणात मोडतो.

मूर्ती मोठी असण्यात गैर काही नाही. जळगावहून जवळच असलेल्या अजिंठ्यात, 17 क्रमांकाच्या लेण्यात, बुद्ध भव्य आहेत आणि समोरचे यशोधरा-राहुल चिमुकले. तिथे माप अंतराचं नसून थोरवीचं आहे. दोन्ही मापं एकाच चौकटीत मागे-पुढे मिसळली, की गोंधळ होतो. उपाय सोपा आहे. महाराजांना गडावरून खाली, अगदी पुढच्या चौथऱ्यावर आणायचं. मूर्ती मोठीच राहते, मानही राहतो आणि मागचा गड आपोआप उंच होतो. घरातले ज्येष्ठ ‘महाराज गडावरच हवेत’ म्हणाले, तर मात्र फोटोपुरतीच परवानगी मागावी लागेल.

मग करायचं काय?

धुळ्याजवळच्या लळिंगसारखा डोंगरी किल्ला करत असाल, तर वाट वर जाताना अरुंद करत न्या, पायऱ्याही बारीक करा. हळीव फक्त पुढे पेरा; मागे हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा पुरतो. मागच्या गेरूत थोडा पांढरा आणि निळा रंग मिसळा, कारण लांबचा डोंगर धुरकट दिसतो. मागच्या मावळ्यांना डोळे-मिशा रंगवत बसू नका.

पारोळ्यासारख्या भुईकोटात काम जास्त अवघड, कारण तिथे चढ नाही. मोबाइल पुढच्या मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला, तर सपाट मैदानातल्या सगळ्यांची डोकी साधारण एका रेषेत दिसायला हवीत. त्यासाठी वरच्या उदाहरणातली मागची जमीन सुमारे साडेतीन सेंटीमीटर उचलावी लागते. एवढा उतार फोटोत कळत नाही.

हा भास एकाच जागेवरून टिकतो. बाजूला सरकलं की बिंग फुटतं, आणि इतक्या जवळून दोन्ही डोळ्यांना खरं अंतर कळतंच. मोबाइलला मात्र एका वेळी एकच डोळा, म्हणून फोटोत ते खपून जातं. फक्त पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो मागचा भाग धूसर करतो, आणि पार्श्वभूमी अशी विरघळली की किल्ला पुन्हा खेळणं वाटू लागतो.