तुळशीपुरती जागा

आमच्या घरी एक तुळस आहे. गेली सव्वीस वर्षे ती गोड्या तेलाच्या रिकाम्या डब्यात राहते. डबे बदलले, घरेही बदलली. तुळस, किंवा तिची लेक-नात म्हणा हवी तर, तीच. अमरावतीत आम्ही भाड्याची सात घरे केली. दर वेळी सामानाच्या गाडीत सर्वांत शेवटी, आईच्या मांडीवर बसून ही तुळस नव्या घरी आली. दोन वर्षांपूर्वी पाडव्याच्या संध्याकाळी आईने तिच्यापुढे पणती ठेवली आणि सहज विचारावे तसे विचारले, "हिला जमिनीत कधी लावशील रे?"

मी मराठीचा प्राध्यापक. 'जमीन' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, एवढे मी वर्गात छातीठोकपणे सांगतो. पण ती जमीन आपल्याकडे कशी येते, याविषयी माझे ज्ञान शून्य होते. आजोबांचे वावर वडिलांच्या लहानपणीच गेले. तेव्हापासून आमच्या घराण्यात मातीशी संबंध उरला तो कुंडीपुरता. तरी त्या रात्री मी हिशेब मांडला. भविष्यनिर्वाह निधीतून काढता येईल ती रक्कम, पतपेढीचे कर्ज आणि पत्नीने बाजूला टाकलेले पैसे. बेरीज फार नव्हती. पण ती आमची सगळी होती. ती एकदा चुकली तर दुसऱ्यांदा मांडायला आयुष्य पुरले नसते.

पत्नीची शाळा अकोल्यास, माझे महाविद्यालय अमरावतीस. मधले शंभरेक किलोमीटर ती बडनेऱ्याहून आगगाडीने रोज कापते. तेव्हा या दोन गावांच्या दरम्यान कुठेतरी स्वस्तशी जागा पाहावी, असे ठरले.

प्रथम मन शेतीकडे धावले. दर्यापूरच्या बाजूला दोन एकर वावर विकाऊ असल्याचे कळले. भाव ऐकून तर आम्ही हरखलोच. माती अशी काळीभोर की हात लावला तर शाई लागावी. मी मनातल्या मनात विहीर, आंब्याची चार झाडे आणि एक झोपाळा मांडून मोकळा झालो. धुऱ्यावर एक वृद्ध कास्तकार बसले होते. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "सर, मातीले काय पाहता? पयले हिरीचं पानी चाखून पाहा."

चाखले. खारट!

सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या पूर्णेच्या खोऱ्याला जुने लोक पयनघाट म्हणत. त्यातला मोठा पट्टा म्हणजे आपला खारपाणपट्टा. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांत तो पसरला आहे. जमिनीखालचे पाणी खारे. ते पिण्यास चालत नाही आणि काळ्या मातीला सारखे दिले तर तीही बिघडते. पावसावर कपाशी, तूर, हरभरा उत्तम येतो, पण माझा आंबा तिथे कसा जगणार? उलट वरुड-मोर्शीकडे पाणी गोड, संत्र्याच्या बागा नामांकित. मात्र बोअरवेलींनी उपसा इतका केला की पाणी पाताळात गेले. स्वस्त जमीन स्वस्त का आहे, याचे उत्तर बहुधा तिच्या पोटात असते.

काकाजींनी जाताना आणखी एक गोष्ट सांगितली. "वावर पाहाचं तं पान्यात पाहा. उन्हायात सारेच रस्ते चांगले असतात." त्याचा अर्थ मला जुलैत कळला. वैशाखात ज्या पांदणीने मोटार गेली होती, तिच्यात आता बैलगाडीची चाके रुतली होती. नकाशात रस्ता आहे की नाही, आणि असला तर तो पावसात चालतो की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

शिवाय एक गोष्ट मला कोणी आधी सांगितलीच नव्हती. आपल्या राज्यात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे. जो शेतकरी नाही, त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ज्याच्या स्वतःच्या अथवा वडिलांच्या नावाचा सातबारा आहे, त्याचे निभते. आजोबांच्या वावराबरोबर आमचे शेतकरीपणही गेले होते!

मग प्लॉटकडे वळलो. आपल्याकडे शहराबाहेर पडले की रंगीत पताका नि 'ले-आऊट'च्या पाट्या दिसू लागतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्याहून प्रवासी विमान उडाले. आणि जो तो दलाल त्या विमानातून खाली पाहिल्यासारखा बोलू लागला. अशाच एका सद्गृहस्थांनी आम्हांला एक जागा दाखवली. भाव शेजारच्या प्लॉटांच्या जवळजवळ निम्मा. "चौघे मिळून एकाच सातबाऱ्यावर नाव चढवू, मास्तर. पुढे ज्याचा तुकडा त्याचा." इसाराची रक्कम खिशात होती. आईसुद्धा जागा पाहून गेली होती आणि तुळशीचे ठिकाण पायाने आखून आली होती.

त्या रात्री मी कागद एका जुन्या विद्यार्थ्याकडे नेले. तो आता वकिली करतो. माझ्या तासाला तो शेवटच्या बाकावर बसे. त्या दिवशी मी त्याच्यासमोर बसलो. तो म्हणाला, "सर, सातबारा कवितेसारखा वाचायचा. ओळी कमी, अर्थ फार."

खरोखरच, वाचकहो, सातबारा म्हणजे गावाच्या दप्तरातले दोन नमुने एकत्र. सातवा हक्कांचा, बारावा पिकांचा. मालकाचे नाव सारेच पाहतात; शहाण्याने 'इतर अधिकार' हा रकाना पाहावा. बँकेचा बोजा, कुळाचे नाव, वाटणीचा दावा, सारे तिथे बारीक अक्षरांत बसलेले असते. मग भूधारणा पद्धती पाहावी. भोगवटादार वर्ग १ असेल तर मालकाला विकण्याची मोकळीक; वर्ग २ असेल तर ती जमीन शासनाने अटींवर दिलेली, परवानगीवाचून विकता न येणारी. सीलिंगमध्ये वाटलेल्या जमिनी या वर्गात येतात. आपल्या शहरांच्या जुन्या भागांत नझूल जमीनही पुष्कळ आहे. तिथे आखीव पत्रिका पाहून भाडेपट्ट्याची मुदत आणि अटी तपासाव्या लागतात.

एवढे करूनही सातबारा हा मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे त्यातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानायची, इतकेच. म्हणून मागचे फेरफार एकेक करून काढावेत. जमीन कोणाकडून कोणाकडे, वारसाने की खरेदीने आली, ते त्यात सापडते. एखाद्या बहिणीचे नाव मध्येच गळाले असेल, तर तिथेच थांबावे. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा, आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी.

आमच्या जागेचे काय निघाले? ती शेतजमीनच होती. अभिन्यास नगररचना खात्याने मंजूर केलेला नव्हता. रस्ते केवळ चुन्याने आखलेले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेताचे लहान तुकडे विकण्यास बंदी आहे. २०२३ साली बहुतेक जिल्ह्यांसाठी ही मर्यादा जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे अशी ठरली. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. चौघांची नावे एका सातबाऱ्यावर चढली असती. पण माझा तुकडा नेमका कोणता, हे कोणत्याच कागदावर आले नसते. जुने तुकडे नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे आणि २०२५ मध्येही शासनाने सवलत दिली. पण उद्या माफी मिळेल या भरवशावर आज चूक विकत घ्यावी काय?

इसार दिला नाही. आईला सांगणे मात्र जड गेले. ती काही बोलली नाही; डब्यातल्या तुळशीची माती तेवढी सारखी करीत राहिली.

पुढे आठ महिन्यांनी जागा मिळाली. बडनेऱ्याच्या अलीकडे, बाराशे चौरस फूट. लहान आणि थोडी महाग, पण मंजूर अभिन्यासातली, कागद स्वच्छ. ती पसंत करण्याचे आणखी एक कारण होते. आपली काळी माती पावसात फुगते नि उन्हात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला की भिंतीही तिच्याबरोबर चालू लागतात. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो, आणि मुरूम जितका खोल तितका खर्च खोल. इथे तो चार फुटांवर लागला. जुन्या गावगाड्यात पिकाची ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी' म्हणत. पूर्वजांनी घरे पांढरीतच का बांधली, ते मला विद्यापीठाने नव्हे, गवंड्याने शिकवले.

भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतली, खुणा रोवल्या, शेजाऱ्यांच्या देखत चतुःसीमा ताडून पाहिल्या, पैसे बँकेमार्फत दिले आणि खरेदीखत नोंदवले. आता फेरफार. नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत संपली आणि एके दिवशी नवा सातबारा हाती आला. खातेदारांत पहिले नाव आईचे, मग आम्हा दोघांचे. पाहतो तो आडनावात दीर्घ वेलांटीच्या जागी ऱ्हस्व!

वीस वर्षे ऱ्हस्व-दीर्घासाठी मुलांचे अर्धे अर्धे गुण कापले, त्याचे हे फळ. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. तो मी केला, कारण आजची वेलांटी उद्या वारसांच्या वाटेत धोंडा होऊन बसते. आईला तो कागद वाचून दाखवला आणि चूकही सांगितली. ती म्हणाली, "नावाचं होईल बरोबर. जागा बरोबर आहे ना?"

घर अजून उठायचे आहे. कर्ज फिटता फिटता उठेल. पण या पाडव्याला आम्ही तिघे तिथे जाऊन आलो. मोकळ्या प्लॉटच्या कोपऱ्यात, आईने पायाने आखून दिलेल्या जागी, मी हातभर खड्डा खणला. डबा कापताना पत्र्याने बोटाला थोडे लागले. तुळशीची मुळे डब्याच्या आकाराची चौकोनी होऊन बसली होती. आईने ती हलक्या हाताने सुटी केली आणि मातीत ठेवली.