विजेच्या नाडीची मोजणी

भिंतीवरील प्लगमध्ये येणारी वीज एकाच दिशेने वाहत नाही. ती सेकंदाला सुमारे ५० वेळा पुढेमागे हेलकावे खाते. देशात विजेची मागणी वाढली की वीजकेंद्रांतील जनित्रे किंचित मंदावतात व ही संख्या उतरते. मागणी घटली की चढते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले. तेव्हापासून गुवाहाटी व तिरुवनंतपुरम येथे ही नाडी एकच आहे. ४९.९० ते ५०.०५ हा तिचा विहित पट्टा. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ मिनिटे घरोघरी दिवे मालवले गेले, त्या सुमारास ती ४९.७० पासून ५०.२६ पर्यंत फिरली होती.

आपल्या घरातील हौशी मुलास ही नाडी मोजता येईल. त्याला हवा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेला छोटा संगणक. मात्र प्लगमधील २३० व्होल्टची तार त्याला थेट कदापि जोडू नये. सहा व्होल्टचा बंदिस्त ट्रान्सफॉर्मर मध्ये हवाच, आणि मुलाजवळ जाणते माणूस हवे. तेथून आलेला दाब आणखी उतरवून चिपला सोसेल असा करावा लागतो.

चिपला ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच कळते. लाटेवर बारीक तरंग असतात, त्यामुळे शून्याजवळ एकच लाट तीनदा मोजली जाण्याचा संभव असतो. यास्तव दोन पातळ्या ठरवितात: उंबरा ओलांडून आत आलेला पाहुणा पुन्हा अंगणात उतरल्याखेरीज त्याची दुसरी फेरी धरावयाची नाही!

आता सेकंदभर लाटा मोजल्या तर उत्तर येईल ५० किंवा ४९. त्यात शतांश कोठून मिळणार? म्हणून उलट करावे, एका लाटेस किती वेळ लागतो तो पाहावा. चिपमधील गणक सेकंदाला २० लाख ठोके देत असेल, तर ५० च्या नाडीला ४०,००० ठोके पडतात, ४९.९० ला ४०,०८० आणि ५०.०५ ला ३९,९६०.

येथेच खरी फसगत होते. यंत्र ४९.७५ दाखविते आणि घरातील मंडळी वीजमंडळास बोल लावतात. वस्तुतः अनेक स्वस्त बोर्डांवर ठोके देणारा सिरॅमिकचा तुकडा अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतो. तेवढ्याने पाव आवर्तनाचा फरक पडतो, आणि विहित पट्टा तर अवघा ०.१५ चा! स्फटिकाचे घड्याळ याहून पुष्कळ विश्वासू.

पारख सोपी आहे. बोर्डाला एक अहोरात्र नुसते सेकंद मोजू द्यावे व मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहावे. तो ७ मिनिटे १२ सेकंद पुढे गेला, तर दोष त्याचाच. मग प्रोग्राममध्ये २०,००,००० च्या जागी २०,१०,००० लिहावे व पुन्हा मोजावे.